कळकलेलं तीर्थ

दर सोमवारी एक कोंबडी मरायची आणि एक महाराज जिवंत बाहेर यायचे. एवढ्यासाठी अनगोळच्या वेशीबाहेर हजार माणूस जमायचं. बेळगावातून टांगे यायचे, कडोलीकडून बैलगाड्या यायच्या, टिळकवाडीच्या बंगल्यांतल्या बायका छत्री सावरत चिखल तुडवत यायच्या. माणूस शिकला की शहाणा होतो असं ज्याला वाटतं, त्यानं त्या बायकांच्या साड्यांचे चिखलानं भरलेले काठ एकदा बघायला हवे होते.

वेशीबाहेर एक दगडी खोली आहे. एक दार, खिडकी नाही. प्लेगच्या सालात आजारी माणसं तिथं नेऊन ठेवायचे, म्हणून पुढं चाळीस वर्षं तिच्या सावलीलासुद्धा कुणी उभं राहिलं नाही. १९४६ च्या उन्हाळ्यात विषकंठ महाराज नावाचा इसम तिथं उतरला आणि महिन्याभरात दाराशी नारळाच्या शेंड्यांचा ढीग लागला.

खेळ असा असायचा. खोलीत मधोमध शेगडी, शेगडीत गंधक. महाराजांचा चेला शामू गंधक पेटवायचा आणि खोकत बाहेर पळायचा. डोळ्यानाकात झोंबणारा तो धूर दारातून बाहेर आला की पुढची रांग आपोआप मागं सरायची. मग महाराज तोंडावर देवाचा मुखवटा चढवायचे. पितळी मुखवटा, भल्या थोरल्या मिश्या, डोळ्यांच्या जागी काचा आणि हनुवटीखाली लाल कापडात गुंडाळलेली पेटी. त्या पेटीत म्हणे देवाचा कंठ. बगलेत जिवंत कोंबडी घेऊन महाराज आत जायचे. दार बंद, फटींना शेण लिंपलेलं. बाहेर शंख, घंटा आणि बायकांचे हुंदके. पाव तासानं दार उघडलं की आधी धूर यायचा, मग मेलेली कोंबडी बाहेर पडायची, मग महाराज.

"नोडु, नोडु! बघा, भक्तांनो!" मुखवटा काढून महाराज गरजायचे. "कोंबडीनं इष खाल्लं, कोंबडी मेली. म्या इष खाल्लं, इष मेलं! देवानं समुद्रातलं हलाहल पचवलं, त्येच्यापुढं ह्यो गंधक म्हंजे फुटाणा! तुमच्या पोटात इष न्हाय व्हय? लई हाय! हाटेलाच्या च्यातनं आलेलं हाय, सुनंच्या हातातनं आलेलं हाय!"

सुनेचं नाव निघालं की म्हाताऱ्या माना डोलवायच्या.

"सासूच्या जिभंतनं आलेलं हाय!"

मग सुना डोलवायच्या. कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, एवढं कसब त्या माणसात होतं, हे मान्य करायलाच हवं.

शेवटी अंगारा वाटायचे. काळा, भरड, मूठभर. "देवानं पचवलेलं इष हाय ह्ये. तांब्याच्या तांब्यात रातभर पाण्यात ठेवा, सकाळी फडक्यानं गाळून उपाशी पोटी प्या. एकवीस दिस. मधी मोडलं तर इष उलटतंय, मग माझ्याकडं येऊ नका!"

आता मी कोण ते सांगतो. मी भरमा. कल्हई करतो, डाग देतो, डबे जोडतो. अनगोळच्या वेशीत चिंचेखाली माझा भाता आहे. आसपासच्या चार गावांत असं घर नाही, ज्याच्या भांड्याचं बूड मी बघितलेलं नाही. लढाईत मी पलटणीबरोबर टिनस्मिथ म्हणून मिसरात गेलतो. म्हणून त्या पेटीतला देवाचा कंठ काय आहे, ते या हजार माणसांत मला एकट्याला ठाऊक होतं.

कारण चैत्रात शामू ती पेटी घेऊन माझ्याकडंच आलता.

"भरमाण्णा, देवाच्या पेटीला फिरकीचं झाकण बसवून पायजे. उघडाया-मिटाया येईल असं."

मी लाल कापड सोडलं. वर शेंदूर, शेंदराखाली लष्करी हिरवा रंग, रंगाखाली आकडे. असला डबा मी वर्षभर छातीवर वागवला होता. शत्रूनं विषारी धूर सोडला तर तोंडावर मुखवटा चढवायचा आणि या डब्यातून श्वास घ्यायचा. डब्यात कोळसा असतो. धूर कोळशात अडकतो, चांगली हवा पुढं येते. लढाई संपली, लष्करी भंगाराचे लिलाव झाले आणि एक मुखवटा या दिवट्याच्या हाती लागला. वर त्यानं पितळी मिश्या बसवल्या आणि झाला देव.

"आत काय घालणार?" मी विचारलं.

"करवंटीचा कोळसा. आदला दमलाय."

"आणि दमलेला काय करता रं?"

"देवाचं काय वाया जात न्हाय, अण्णा," शामू म्हणाला आणि त्यानं दात काढले.

मीही काढले; दमलेला कोळसाच अंगारा म्हणून वाटला जात होता. झाकण बसवून दिलं, दोन फेऱ्यांत उघडणारं, पक्कं. मजुरी घेतली. गावात कुणाला बोललो नाही. खुळ्यांचा बाजार भरलाय, भरू दे, आपल्याला काय करायचंय? मी चिंचेखाली भाता ओढत बसायचो आणि सोमवारी गर्दी जाताना बघून पोट धरून हसायचो. माझ्या शहाणपणाची मला फार मजा वाटत होती.

उन्हाळाभर त्या अंगाऱ्यानं कुणाचं बरं झालं नाही आणि वाईटही झालं नाही. आषाढ लागला. इथला आषाढ म्हणजे भिंतीला ओल, मिठाला पाणी, काड्यापेटी पेटत नाही. आणि त्या आषाढात अंगाऱ्याचं पाणी पिऊन लोकांना वांत्या व्हायला लागल्या.

दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर लोकांनी महाराजाला वेशीपर्यंत बदडत नेलं असतं. आमच्याकडं गूळ वाटला! "इष बाहेर पडाय लागलं!" ज्याला वांती होईल तो पुण्यवान. ज्याला होणार नाही त्याच्याकडं लोक तिरक्या नजरेनं बघायला लागले. नागोजी शिंप्याला आठ दिवस वांती झाली नाही, तर त्याच्या घरच्यांनी त्यालाच विचारलं, "काय पाप केलंयसा ते सांगून मोकळं व्हा." बिचारा मडक्यातून पाणी पीत होता. त्याच्या घरात तांब्याचं भांडंच नव्हतं.

महाराज बेरकी. कुणाला होते आणि कुणाला होत नाही हे त्याच्या ध्यानात आलं असणार. पुढच्या सोमवारी हुकूम सुटला, "कथलाचा पडदा देवाला चालत न्हाय! तांब्या उघडा पायजे. कल्हई असंल तर काढून टाका!"

दुसऱ्या दिवशी माझ्या भात्यापुढं रांग लागली. वीस वर्षं कल्हई लावली, आता काढायला माणसं उभी! भांडं तापवायचं, कथील पुसून घ्यायचं, राहिलेलं खरवडायचं, वाळू-चिंचेनं घासायचं. मी काढत गेलो. लोकांना टोमणे मारत गेलो आणि काढत गेलो.

त्या रांगेत मालुबाई होती. कडोलीची, माझ्या धाकट्या बहिणीची, शालूची सासू. हातात घरातला एकुलता एक तांब्याचा तांब्या. त्यात ती ताक ठेवायची, म्हणून त्याला दर दिवाळीला माझ्याच हातची कल्हई असायची.

"काय मामी, तुमच्या पोटात बी इष काय?" मी म्हटलं.

"गुडघं धरल्यात रं बाबा. काढ लवकर, गाडी जायाची हाय."

"ताक कशात ठेवशीला मग?"

"मडक्यात ठेवीन. तू तुझं काम कर की."

मी केलं. बुडाशी कथील चिवट होतं, तिथं कानशीचे तीन ओरखडे उठले. मी हसत तांब्या तिच्या हातात दिला. शालू कशी आहे, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी शालूला माहेरी आणायला कडोलीला गेलो. आमच्याकडं पंचमीला भाऊ आला नाही तर बहीण वर्षभर तोंड दाखवत नाही. शालू लग्नाआधी आईबरोबर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथला भुकटा छातीत बसलेला, तेव्हापासून खोकला. पण हाडानं दणकट बाई. मी उंबऱ्यातून हाक मारली तेव्हा 'आलो अण्णा' म्हणून धावत येईल असं धरून चाललो होतो.

ती भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात राखेची पाटी. डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले, हाताची कांकणं कोपरापर्यंत वर सरकलेली. माझ्याकडं बघून हसली आणि पाटीवर वाकली. राखेवर पडलं ते निळसर-हिरवं होतं.

"सतरावा दिस," मालुबाई कौतुकानं म्हणाली. "रोज सकाळी नेमानं पडतंय. केवढं इष हुतं बघ पोरीच्या पोटात! खोकल्याचं मूळ निघालं म्हणून समज."

"गुडघ्यासाठी नेलतासा न्हवं तांब्या?"

"तुला सांगितलं असतं तर तू काढून दिला असतास व्हय? चेष्टा केली असतीस."

मी तांब्या उचलला. काल रात्रीचं पाणी जिथवर होतं तिथवर आतून लखलखीत, आत्ताच चिंचेनं घासल्यासारखा. त्याच्या वर काळा. बुडाशी माझ्या कानशीचे तीन ओरखडे. तळाच्या थेंबाला बोट लावून जिभेवर ठेवलं. आंबट, आणि आंबटाच्या मागून तांब्याची तुरट चव. माझ्या धंद्यातलं पोरसुद्धा ओळखील, तांबं उतरलं होतं पाण्यात. माझी बहीण सतरा दिवस तांबं पीत होती आणि त्या तांब्यावरचा कथलाचा पडदा मी माझ्या हातानं काढून दिला होता.

"शालू, उद्यापासनं ह्ये पाणी बंद."

"न्हाय अण्णा!" ती एवढ्या जोरानं म्हणाली की तिला खोकल्याची उबळ आली. "एकवीस भरायला चारच ऱ्हायल्यात. मोडलं तर इष उलटतंय. मला मारतोस काय?"

पंचमीला सुनेला अडवणं कुठल्याच सासूला शोभत नाही, म्हणून मालुबाईनं तिला पाठवलं. पण तांब्या आणि अंगाऱ्याची पुरचुंडी बरोबर दिली. "सोमवारी एकविसावा. महाराजांच्या म्होरं शेवटचा तांब्या प्यायचा हाय. आमी येतावच."

घरी पोचल्या पोचल्या, "उजळून देतो" म्हणून मी तांब्या भात्यावर नेला आणि आतून कल्हई करून टाकली. संध्याकाळी अंधारून आल्यावर शालूनं स्वतःच्या हातानं त्यात अंगारा टाकला, पाणी ओतलं आणि वर झाकण ठेवलं. अंगारा तोच, पाणी विहिरीचंच. पंचमीच्या सकाळी तिनं ते गाळून प्यायलं आणि पाटी घेऊन बसली.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मला वाटलं, आता हिचा डोळा उघडेल. कसला उघडतोय! ती रडायलाच लागली. "देवानं पाठ फिरवली. माझं कायतरी चुकलं." तांब्या घासायला घेतला तेव्हा आत पांढरं कथील दिसलं आणि मग माझ्यावर उखडली. "तू केलंस व्हय ह्ये? सख्ख्या बहिणीचं मरण वडवून आणलंस!"

त्या दुपारी मी अंगाऱ्याची चिमूट कागदात बांधून टिळकवाडीला श्रीपाद मास्तरांकडं गेलो. मास्तर इंग्रजी शाळेत सायन्स शिकवतात, त्यांची भांडी माझ्याकडं असतात. त्यांनी अंगारा पाण्यात कालवला आणि त्यात निळ्या कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली.

"आम्ल आहे. कोळसा आणि आंबट? कुठून आणलास?"

मी सगळं सांगितलं. झाकणासकट.

मास्तरांनी लाल पट्टी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "भरमा, कोळसा विष पचवत नाही. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं असतात. धूर त्या भोकांत अडकून बसतो. पण अडकला म्हणजे मेला नव्हे. ओल आणि हवा मिळाली की तिथंच त्याचं रूप पालटतं. गंधकाचा धूर होता, त्याचं गंधकाचं तेजाब झालं. तू धंद्यात वापरतोस तेच, फक्त फार पातळ."

"म्हणून आषाढात सुरू झालं!"

"ओलीनं. आता हे पाणी उघड्या तांब्यात रात्रभर ठेवलं तर काय होईल?"

"तांबं उतरंल."

"आणि मोरचूद तयार होईल. शेतकरी बियाण्याला चोळतात तोच. पूर्वी विष खाल्लेल्या माणसाला ओकायला लावायला डॉक्टर मोरचूदच द्यायचे. तुमचा महाराज निरोग्यांना देतोय, एवढाच फरक."

"पण मास्तर, पलटणीच्या डब्यात बी कोळसाच असतोय की."

"त्या कोळशाला औषधं लावलेली असतात. काही विषं त्यात अडकली की फुटतात, निकामी होतात. तरी फुटल्यावर दुसरं काहीतरी मागं उरतंच, आणि औषधही कधीतरी संपतं. तुम्हाला वापरलेल्या डब्याचं काय करायला सांगायचे?"

"पुरायचा. उघडायचा न्हाय, खाली वतायचा न्हाय."

हवालदारानं हे आम्हाला शंभर वेळा घोकून घेतलं होतं. आणि मी त्याच डब्याला उघडायचं झाकण बसवून दिलं.

"मास्तर, सोमवारी चला. तुम्ही चार शब्द बोलला तर लोक ऐकतील."

मास्तरांनी आतल्या दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या मंडळी दर सोमवारी तिथं असतात, भरमा."

घ्या! विज्ञान शाळेत, मंडळी महाराजाच्या रांगेत आणि मास्तर दाराआड. मी खायच्या सोड्याची पुडी तेवढी मागून घेतली आणि निघालो.

घरी येऊन दुसरा एक तांब्या घेतला, उघडा, बिनकल्हईचा. शालूसमोर अंगारा टाकला, पाणी ओतलं. रविवारी सकाळी गाळलं आणि तिला म्हटलं, "महाराज म्हणतोय, पापी माणसाला वांती हुत न्हाय. माझ्यापरास पापी कोण हाय? मी त्येला रोज शिव्या देतोय. आता बघ."

गटागटा प्यायलो. शालू माझ्या तोंडाकडं बघत बसली. थोड्या वेळानं तोंडाला पाणी सुटलं, पोटात पीळ पडला आणि मी परसात पळालो. आतडी बाहेर येतात की काय असं झालं. बहीण हे सतरा दिवस सोसत होती, मला एका सकाळीत पुरे झालं. मागं वळून बघितलं तर शालू भिंतीला धरून उभी. हातात तो तांब्या. आत बोट फिरवून तिनं जिभेला लावलं.

"अण्णा," ती सावकाश म्हणाली, "ह्ये कळकलंय की रं."

हा शब्द मी तिच्या तोंडात घातला नव्हता. आंबट ताक बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलं की त्यात तांबं उतरतं, ते कळकतं, ते प्यायलं की ओकारी येते. हे आमच्याकडं सात वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं. सासुरवाशिणीला पहिल्या दिवशी हेच बजावतात. हजार बायका त्या रांगेत होत्या, सगळ्यांना हे पाठ, आणि नुसतं तीर्थ म्हटल्यावर एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"सोमवारी मी बोलतो," मी म्हटलं.

"तू नको. तू बोललास तर चेष्टा वाटंल. मी बोलती."

सोमवारी पाऊस थांबला होता, म्हणून गर्दी दुप्पट. शेगडी पेटायची होती. कोंबडी पायाला दोरी बांधून बसलेली. मालुबाई कडोलीहून उघड्या तांब्यात रात्रभर ठेवलेलं अंगाऱ्याचं पाणी घेऊन आली होती, तांब्या शेजारणीकडून मागून आणलेला. महाराजांनी शालूला पुढं उभं केलं.

"नोडु! एकवीस दिस! कडोलीची ही सून! पी बाई, शेवटचं इष वकून टाक, मग बघ खोकला कसा पळतोय!"

शालूनं तांब्या घेतला. मला वाटलं, न जाणो, हजार डोळ्यांपुढं हिनं भिऊन पिऊन टाकलं तर?

"आधी महाराजांनी घोटभर घ्यावं," शालू म्हणाली. "परसाद म्हणून."

"म्या? म्या कशाला? म्या निर्विष हाय!"

"मग वांती हुणार न्हाय तुमाला. घ्या की."

गर्दीत थोडी खसखस पिकली. महाराजांनी डोळे वर केले आणि कुणालाच न कळणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटायला लागले. शालू सासूकडं वळली.

"आत्याबाई, ताक उघड्या तांब्यात ठिवाल काय?"

"येडी काय गं तू? कळकंल की!"

"का कळकतंय?"

"आंबट असतंय म्हणून."

"कळकलेलं प्यालं तर?"

"पोट ढवळतंय, वकारी येती..." मालुबाईचं वाक्य तिथंच अडलं. म्हातारी खुळी नव्हती. तिनं तांब्यात वाकून बघितलं, पाण्यात बोट बुडवलं, चाखलं. तिचं तोंड वाकडं झालं. "आंबट हाय गं ह्ये."

"अंगारा कंदी आंबट असतोय?" मागून कुणीतरी ओरडलं.

आता मी पुढं झालो. चुलीतला कोळसा कुटून आणला होता, तो एका पानावर ठेवला. दुसऱ्या पानावर महाराजांचा अंगारा. दोन्हींवर सोडा टाकला, पाणी शिंपडलं. चुलीचा कोळसा गप्प बसला. अंगारा फसफसून वर आला. पुढच्या बायका वाकून बघत होत्या. त्यांत मास्तरांच्या मंडळीही होत्या.

"देव कोपंल! मुडदा पडंल तुझा!" महाराजांनी मुखवटा छातीशी धरला.

"देवाचा कंठ बघू की जरा," म्हणून मी पेटीला हात घातला. शामू आडवा आला, पण ते झाकण मी बनवलेलं. दोन फेऱ्या आणि उघडलं. पेटी उलटी केली. ओला काळा कोळसा भसाभस चिखलात पडला. आतून बाहेरून डबा लोकांना दाखवला, लाल कापड ओरबाडलं, शेंदूर खरवडला, खालचे लष्करी आकडे वाचून दाखवले. मग रिकामा डबा मुखवट्याला लावून महाराजांच्या हातात दिला.

"घ्या. देव मुखवट्यात असंल तर त्यो गेलेला न्हाय. शामू, गंधक पेटव. कोंबडी घ्या आणि जावा आत."

शामूनं शेगडीकडं बघितलं, मग महाराजांकडं. महाराजांनी खोलीच्या काळ्या दाराकडं बघितलं. हलाहल पचवणारा, समुद्र पिणारा माणूस; तो दोन पावलं मागं सरला.

"आज मुहूर्त न्हाय," तो म्हणाला.

मागच्या रांगेतून एक पोरगी खुदकन हसली आणि मग सगळी गर्दी हसली. त्या हसण्याच्या गोंधळात महाराज आणि शामू खोलीच्या मागून उसाच्या शेतात शिरले. पुन्हा कुणाला दिसले नाहीत. मुखवटा चिखलात पडला होता.

मलाही जोर चढला होता. आता चार शब्द सुनवावेत म्हणून मी दगडावर चढलो. "अरं, डोकी हायत का मडकी? तुमच्या घरात रोज जे ज्ञान हाय ते..."

"भरमा," मालुबाई खालून म्हणाली. "त्यो डबा दोन फेऱ्यांत उघडतोय, ह्ये तुला कसं म्हाईत?"

"झाकण मी बसवलंय," मी म्हणालो. "चैतात."

"म्हंजे तुला तवापासनं ठावं हुतं?"

"व्हय."

"आणि कल्हई काढून देताना तू हसत हुतास." म्हातारीचा आवाज चढला नाही. "आमी येडी, अडाणी, कबूल. तू शहाणा हुतास न्हवं? मग त्वांड का उघडलं न्हाईस?"

हजार माणसं माझ्याकडं बघत होती. मिसर बघून आलेला मी दगडावरून खाली उतरलो.

शालूला त्याच दिवशी टांग्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस प्यायली असती तर हाती लागली नसती. खोकला तंबाखूच्या भुकट्याचा. औषध, दूध आणि धुरापासून लांब राहणं, एवढाच उपाय. त्यात चमत्कार नाही, वर्ष लागलं. आज ती मालुबाईशी तोंड वाजवून भांडते, यावरून समजा. त्या सोमवारची कोंबडी तिनं कडोलीला नेली. ती रोज अंडं घालते.

श्रावणभर मी भाता पेटता ठेवला. ज्यांची ज्यांची कल्हई काढली होती, त्यांना परत करून दिली, फुकट. रांगेत सगळ्यात शेवटी मालुबाई आली. पंचमीच्या घाईतली कल्हई पातळ झालेला तोच तांब्या तिनं पुढं केला. बुडाच्या तीन ओरखड्यांवर मी कथील दोनदा फिरवलं.

ऐकतो की निपाणीकडं आता नवीन बाबा आलाय, निखाऱ्यावर चालतो म्हणे. येणारच. एक जातो, दोन येतात. बाबा लबाड असतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. साप डसतो, तो त्याचा धंदा. भोळ्या माणसावरही माझा पहिल्याइतका राग उरलेला नाही. माझा राग आहे तो चिंचेखाली बसून हसणाऱ्या शहाण्यांवर, ज्यांना डब्यात काय आहे ते ठाऊक असतं. बाबांनो, जे तुम्हाला घरात, चुलीपाशी, धंद्यात रोज कळतं, तेच देवळाच्या दारातही खरं असतं. आंबट तिथंही आंबटच. म्हणून चाखून बघा, उघडून बघा, विचारा. आणि कळलं की त्याच दिवशी बोला, आपल्या घरातलं माणूस भिंतीला टेकायची वाट बघू नका.